चौथ्या खुर्चीचे ठोके

१

भाऊ सावंतांचं हृदय बंद पडत चाललंय असं भिंतीवरच्या डब्याने बोंबलून सांगितलं, तेव्हा भाऊ आतल्या खोलीत खाटेवर आडवे झाले होते आणि चक्क घोरत होते.

मी हे छातीठोकपणे सांगतो, कारण मी तिथे होतो. नुसता होतो असं नाही, सत्कारमूर्ती होतो. घाटकोपरला पंतनगरात ‘सोबत’ नावाचं ज्येष्ठांचं दिवसघर आहे. मुलं-सुना कामावर जाताना आपले म्हातारे तिथे सोडतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. मी कर्णिक सर, गणिताचा निवृत्त मास्तर. दर शुक्रवारी तिथे जाऊन वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतो. त्याला वर्ष झालं म्हणून संचालिका माणिकताईंनी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. उत्तरादाखल मी चार शब्द बोललो. माझं भाषण आहे म्हटल्यावर भाऊ कार्यक्रम सुरू व्हायच्या आतच उठून आत गेले, पण ते मी मनाला लावून घेतलं नाही.

भाषण संपता संपता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, टेबलाची कड धरावी लागली, इतका मी भारावून गेलो होतो. शालीला बामाचा वास येत होता, पण हल्लीचे दुकानदार कापडाला काय फासतील सांगता येत नाही. टाळ्या झाल्या. बटाटेवड्यांच्या बश्या फिरू लागल्या. केंद्रातल्या नंदूने, “सर, तेलाचे डाग पडतील,” म्हणत माझ्या अंगावरची शाल उचलून नेली आणि तेवढ्यात डबा किंचाळला. त्याच्यावर लाल अक्षरात उमटलं, चार नंबर.

चार नंबर म्हणजे चौथी खुर्ची, म्हणजे भाऊ सावंत.

पुढे जे झालं ते सांगायलाच नको. रिक्षा, इस्पितळ, धावपळ. तिथे भाऊंच्या छातीचा आलेख काढला तर तो विशीतल्या पोराचा असावा असा. डॉक्टर चिडले आणि भाऊंचा मुलगा सिद्धेश त्यांच्याहून चिडला. “म्हाताऱ्या माणसाला उगाच घाबरवून मारलं असतं तुम्ही! सोमवारी हे सगळं खाली उतरलं पाहिजे. नाहीतर मी पोलिसांत जातो.”

हे केंद्रात कळलं आणि तिथल्या शुभाआजी रडायला लागल्या. मागच्या महिन्यात याच डब्याने ओरडून त्यांचा जीव वाचवला होता. डबा गेला तर आपण केंद्रात यायचं कुणाच्या भरवशावर, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

संध्याकाळी आमच्या घराची बेल वाजली. दारात गंधाली. हा सगळा पसारा बसवणारी अंधेरीच्या एका छोट्या कंपनीतली पोरगी. डोळे सुजलेले.

“काकू, डबा खोटं बोलला नाहीये,” ती माझ्या बायकोला म्हणाली. “ते ठोके खरे आहेत. फक्त ते भाऊंचे नाहीत.”

२

माझी बायको सुलक्षणा. विमा कंपनीत दावे तपासायच्या कामात तिचा जन्म गेला. कोण खरं रडतंय आणि कोण डोळ्याला कांदा लावून, हे तिला दारातच कळतं. मी घरात थाप मारायचं केव्हाच सोडून दिलंय. सत्काराला ती नव्हती, दाढ काढायला गेली होती. गाल सुजलेला असूनही तिने गंधालीला खुर्चीत बसवलं, पोहे दिले आणि म्हणाली, “आता मला समजेल असं सांग.”

गंधालीने सांगितलं ते असं. केंद्राच्या छताला एक पांढरी नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आहे. त्या नळीतून रेडिओलहरी वाहतात. नळी बंद आहे, पण तिच्यावर एक खास प्लास्टिकचा चिमटा लावला की बरोबर त्या जागी थोड्या लहरी खाली सांडतात. चिमटा हाच अँटेना. खुर्ची हलली की चिमटाही सरकवायचा. खाली बसलेल्या माणसाच्या कपड्यावर एक बिल्ला असतो. त्यात बॅटरी नाही. तो वरून सांडणाऱ्या लहरींवर चालतो, शर्टावरूनच ठोके टिपतो आणि भिंतीवरच्या डब्याला कळवतो. डबा सगळा हिशेब तिथल्या तिथे करतो. लांबच्या कुठल्या संगणकाला विचारत बसत नाही, कारण तिकडून उत्तर येईपर्यंत माणूस वर पोचायचा.

“आणि चिमटा डोक्यावर नसेल तर?”

“तर बिल्ला मेला, काकू. एक ठोका कळणार नाही.”

“मग हे ठोके भाऊंचे नाहीत कशावरून?”

“प्रत्येकाच्या ठोक्याची ठेवण वेगळी असते, अक्षरासारखी. भाऊंचं अक्षर मला पाठ आहे. हे दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.” गंधालीचा आवाज खाली आला. “आणि वाईट आहे हो. मध्येच ठोका गळतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा सुरू. बाकी सगळ्या आजी-आजोबांचे बिल्ले त्या वेळी त्यांच्याच अंगावर होते, सगळे ठीक आहेत. म्हणजे भाऊंचा बिल्ला पाहुण्यांपैकी नाहीतर केंद्रातल्या कुणीतरी घातला होता. तो माणूस आत्ता कुठेतरी फिरतोय आणि त्याला पत्ताही नाही.”

मला त्या अज्ञात माणसाची फार दया आली. तसं मी बोलूनही दाखवलं, “बिचारा!”

“पाहुण्यांना फोन करत बसले तर निम्मे हसतील आणि निम्मे घाबरतील,” सुलक्षणा म्हणाली. “बिल्ला कुणाच्या हाताशी होता तिथूनच सुरू करू. उद्या सकाळीच जाऊ. आणि गंधाली, भाऊ तो बिल्ला लावतात कुठे?”

“शालीला. छातीला काही चिकटवलेलं त्यांना खपत नाही. शाल मात्र बारा महिने अंगावर, आडवं होताना खुर्चीवर टाकतात तेवढीच. म्हणून मी तो आतून शिवून टाकलाय.”

३

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढताना मला नेहमीसारखी धाप लागली. दोन-तीन महिने झाले, पित्ताने छळलंय. मध्ये थांबलो तर सुलक्षणा म्हणाली, “काय झालं?” मी म्हटलं, “तुझे कालचे पोहे.” ती पुढे गेली.

आत तिने स्टूल मागवलं आणि स्वतः वर चढली. प्रत्येक चिमट्यावर शाईने नंबर लिहिला होता. चार नंबरचा चिमटा चौथ्या खुर्चीच्या बरोबर डोक्यावर, जागच्या जागी होता. तिने तो काढला, उघडला, डोळ्यांजवळ धरला.

“झेंडू,” ती म्हणाली.

चिमट्याच्या जबड्यात झेंडूची एक वाळकी पाकळी अडकली होती.

“चौथ्या खुर्चीवर काल कुणी फुलं वाहिली होती का?”

“छे!” मी म्हणालो. “हार होता तो पुढे, टेबलाच्या वर. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सोडलेला. चांगला भरगच्च.”

तिने पाकळी रुमालात बांधली आणि ती सिद्धेशकडे वळली. तो भाऊंना सोडायला आला होता आणि अजून धुमसत होता.

“काकू, मी कशाला हात लावू त्या बिल्ल्याला? मला मुळात हे लहरीबिहरी पटतच नाही. पण बाबा ऐकत नाहीत, त्यांना डबा आवडतो. काल सरांचं भाषण चालू होतं आणि मी मागे मोबाईल बघत बसलो होतो. सॉरी हां सर.”

“भाऊंना इस्पितळात नेलंत तेव्हा शाल होती अंगावर?”

“नाही ना! तेच तर. शोधली, खुर्चीवर नव्हती. परत आलो तर घडी करून खुर्चीवरच. वाट लागली होती तेव्हा डोक्याची, दिसली नसेल.”

सुलक्षणाने त्याचा हात हातात घेतला, “वडिलांच्या काळजीने बोललास, मला कळतं रे,” असं म्हणाली आणि हात बराच वेळ सोडलाच नाही. सिद्धेश जरा विरघळला. मीही थक्क झालो, कारण ती अशी कुणाचे हात धरणाऱ्यातली नाही.

मग ती माणिकताईंच्या खोलीत गेली. माणिकताईंनी नवरा गेल्यावर स्वतःच्या हिमतीवर हे केंद्र उभं केलं. बाई खरी, पण त्या दिवशी नजर खाली. भाऊंच्या शालीबद्दल विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घाईघाईने मान फिरवली आणि म्हणाल्या, “शालीचं वगैरे सगळं नंदू बघतो. त्याला विचारा. पण सरांसमोर नको.”

माझ्यासमोर का नको? मला राग आला. सुलक्षणा मात्र माणिकताईंच्या बांगडीचं कौतुक करत त्यांचं मनगट धरून बसली होती.

बाहेर येऊन मी म्हटलं, “तुला झालंय काय? जो दिसेल त्याचा हात धरतेस!”

“नाडी बघतेय,” ती म्हणाली. “दोघांचीही घड्याळासारखी आहे. राहिला नंदू.”

४

नंदू मूळचा कुडाळचा. त्याचे वडील गिरणीत होते, हा इथे लहानाचा मोठा झाला. केंद्रातला चहा, औषधं, म्हाताऱ्यांचे रुसवेफुगवे सगळं त्याच्या अंगावर. तो भांडी विसळत होता. सुलक्षणाने त्याच्या हातातलं पातेलं घेऊन खाली ठेवलं आणि त्याचंही मनगट धरलं. नंदूची नाडी धावत होती, पण एकसारखी. तो घाबरला होता, एवढंच.

“नंदू, चार नंबरचा चिमटा कुणी काढला?”

“मी नाय हां वहिनी. गंधाली म्याडमनी सांगितलंय, चिमट्याला हात लावायचा नाय. आपण कशाला लावू?”

“आणि भाऊंची शाल?”

नंदूने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत चोरी नव्हती, लाज होती. हे मी मास्तर म्हणून सांगतो. कॉपी करणारा पोरगा वेगळा दिसतो आणि मित्रासाठी गप्प बसणारा वेगळा.

“सर, तुम्ही जरा भाईर थांबाल?” तो म्हणाला.

आता मात्र हद्द झाली. माझाच सत्कार करायचा आणि मलाच बाहेर घालवायचं! मी तरातरा हॉलमध्ये आलो. शुभाआजी मोबाईलवर कालचे फोटो बघत होत्या. “या सर, बघा किती छान आलात,” म्हणून त्यांनी मला एक दाखवला. मी खरंच छान आलो होतो. वर हार, हातात नारळ, अंगावर चॉकलेटी शाल, हिरवी किनार.

मागून सुलक्षणा आली. नंदूने तिला काही सांगितलं नव्हतं. मी असेपर्यंत सांगणार नाही म्हणाला होता. ती फोटोवर वाकली.

“अहो, काल संध्याकाळी नंदू घरी खोक्यातून शाल देऊन गेला, ती कुठल्या रंगाची होती?”

“वाईन कलरची. मोबाईलमध्ये रंग बदलतात गं.”

“किनारसुद्धा बदलते?” ती म्हणाली. तिने फोटो मोठा केला. हाराचा मधला झोक वर नळीला टेकला होता आणि तिथे काहीतरी पांढरं चमकत होतं. त्याच्या बरोबर खाली माझं टक्कल.

“तुमचं भाषण किती वेळ चाललं हो?”

“फार नाही,” मी म्हणालो. शुभाआजी, भाऊ आणि कॅरम खेळणारे दोघे असे सगळे एकदम हसले.

सुलक्षणा हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, दाढ ठणकतेय. “चला,” एवढंच म्हणून तिने माझ्या चपला स्वतः उचलून माझ्या पायांपुढे ठेवल्या. आजवर असं कधी घडलं नव्हतं.

जिन्याच्या तोंडाशी तिने माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने माझा हात कधी धरला नव्हता. मी लाजलो. “अगं, लोक बघतायत,” म्हटलं.

ती हलली नाही. तिची बोटं माझ्या मनगटावर होती आणि डोळे मिटलेले होते. मग तिने ते उघडले, आणि मी तिला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

“जिना उतरायचा नाही,” ती म्हणाली. “इथेच बसा. नंदू! खुर्ची आण, सिद्धेशला बोलाव. खुर्चीसकट उचलून खाली न्यायचं आहे.”

५

इस्पितळात माझ्या छातीला वायरी लावल्या, तेव्हा कालचेच डॉक्टर होते. कालच्यासारखे चिडायला तयार होऊन आले आणि आलेख बघून स्टूल ओढून माझ्याजवळ बसले. हृदयातली वीज मध्येच अडत होती. ठोका गळायचा, मग पुढचा यायला वेळ लागायचा. मी ज्याला भारावणं म्हणत होतो ते भारावणं नव्हतं आणि ज्याला पित्त म्हणत होतो ते पित्त नव्हतं. “आणखी काही दिवस असेच काढले असते तर एखाद्या जिन्यावरच...” असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. पेसमेकर बसवायचं ठरलं.

बाहेर बाकावर गंधाली, माणिकताई, सिद्धेश, नंदू सगळे बसले होते. दार उघडं होतं, त्यामुळे सुलक्षणा त्यांना काय सांगत होती ते मला ऐकू येत होतं.

“मेलेला बिल्ला बोलत नाही. हा बोलला, म्हणजे तो चिमट्याखाली होता. आपण सगळे चिमटा चौथ्या खुर्चीवर आहे असं धरून चाललो. पण त्यात झेंडूची पाकळी होती, म्हणजे तो हाराला लावलेला होता. हार होता सत्काराच्या खुर्चीवर. त्या खुर्चीत बसले होते फक्त एकजण. राहिला प्रश्न बिल्ला त्यांच्या अंगावर कसा गेला. सिद्धेशला शाल खुर्चीवर दिसली नाही. हे रात्री म्हणाले, नव्या शालीला बामाचा वास येत होता. फोटोतली शाल चॉकलेटी आणि घरी आलेली वाईन कलरची. आता नंदू, पुढचं तू सांग.”

नंदू उठला. मला वाटलं तो तिच्याशी बोलेल, पण तो सरळ आत माझ्या पलंगापाशी आला. गडबडला की त्याची मालवणी वर येते.

“सर, माका माफ करा. शाल आणूक मी इसारलंय. पावणे येऊन बसले, ताट सजवलेला, नारळ आसा आनि शालच नाय! भाऊंची चांगली होती, खुर्चीर पडलेली. मी घडी केलंय नि ताटात ठेवलंय. ताईंका मागाहून सांगितलंय. मग बाजारातसून नवीन आणून तुमच्या घराक पोचवलंय. तुमच्यासारख्या मानसाक दुसऱ्याची वापरलेली शाल घातली, ह्या खंयच्या तोंडान सांगू?”

“आणि चिमटा?” गंधालीने दारातून विचारलं.

“हार मधी लोंबत होतो, सरांच्या डोक्याक लागत होतो. म्हनान एक चिमटो काढून थंय लावलंय, नि मागाहून परत जाग्यार ठेवलंय. माका वाटला, चिमटो जाग्यार नाय म्हणजे बिल्लो बंद. म्याडमच बोललेल्या तसा.”

त्याचं तर्कशास्त्र अगदी बिनचूक होतं. फक्त चिमटा काढून त्याने नळीवरच दुसरीकडे लावला होता आणि अँटेना आपली जागा बदलून माझ्या डोक्यावर येऊन बसली होती.

माणिकताई पदराने डोळे पुसत होत्या. “सर, मला काल रात्रीच सांगायला हवं होतं. पण तुम्ही वर्षभर एक पैसा न घेता येता. तुमचा मान राखायचा म्हणून गप्प बसले हो.”

आता तुम्हीच सांगा, मी या माणसांवर रागवायचं कसं? आपल्याकडे सत्कारात मिळालेली शाल पुढच्या सत्काराला फिरते हे शेंबड्या पोराला माहीत असतं, पण कुणी बोलत नाही. पाहुण्याचा मान राखायला दोन भली माणसं दिवसभर घुसमटली आणि त्यांच्या त्या एका चुकीमुळे मी जिवंत होतो. ताटात नवी कोरी शाल असती तर भारावलेला मी टाळ्या घेऊन घरी गेलो असतो आणि पुढच्या शुक्रवारी माझा फोटो भिंतीवर लागला असता, खऱ्या हारासकट.

मी नंदूचा हात धरला. गणिताच्या मास्तराला आयुष्यात पहिल्यांदाच शब्द कमी पडले. सुलक्षणा पायाशी उभी होती, तिला मात्र सगळं कळलं. ती म्हणाली, “राहू द्या. पोचलं त्याला.”

६

सोमवारी नळी उतरली नाही. सिद्धेश सकाळीच केंद्रात गेला, गंधालीला म्हणाला, “ताई, मी फार बोललो. बाबांच्या बिल्ल्याला धक्का लावायचा नाही,” आणि तिच्या कंपनीलाही स्वतः फोन करून तसं कळवलं. शुभाआजींनी डब्याला हळदकुंकू वाहिलं. गंधालीने पटकन तो पुसला आणि पाणी लागू देऊ नका म्हणून विनवण्या केल्या.

पेसमेकर बसल्यावर डॉक्टरांना विचारून मी पुन्हा केंद्रात गेलो. जिना चढलो आणि धाप लागली नाही. वरच्या पायरीवर मी उगाचच थोडा वेळ उभा राहिलो. बरोबरीने सुलक्षणाही थांबली. या वेळी काय झालं असं तिने विचारलं नाही.

आत गेल्यावर मी गंधालीला म्हटलं, “माझ्या छातीतली बॅटरी तुझ्या चिमट्याने चार्ज होईल का?”

“अजून नाही हो सर,” ती हसली. “पण होईल तेव्हा पहिलं तुमच्यासाठी.”

मग मी पिशवीतून ती वाईन कलरची शाल काढली. नंदूला मध्ये बोलावलं, सगळ्यांसमोर उभं केलं आणि त्याच्या खांद्यांवर घातली. तो रडला. भाऊंनी आपली चॉकलेटी शाल छातीशी घट्ट ओढून धरली, कारण माझी नजर तिच्याकडे गेलेली त्यांनी पाहिली होती.

“ही नाय मिळायची, सर,” ते म्हणाले. “पण कधी चक्कर येते वाटलं तर सांगा. थोडा वेळ घालायला देईन.”

“सर, दोन शब्द बोला,” माणिकताई म्हणाल्या. भाऊ सवयीने आतल्या खोलीकडे निघाले.

“बसा भाऊ,” मी म्हणालो. “मी तुमचा सगळ्यांचा आभारी आहे.” आणि मी खाली बसलो. बाकी खूप काही होतं, पण ते त्या एका वाक्यात होतंच. भाऊ परत येऊन आपल्या चौथ्या खुर्चीत बसले. सुलक्षणाने चारचौघांत माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि या वेळी डोळे मिटले नाहीत.